आई-आबांना घेऊन कुमाऊँची तळी : शरदात, सावकाश (भुसावळहून)

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार मंडळी. कोजागिरी आटोपली की घरच्या चार ज्येष्ठांना उत्तराखंडातल्या कुमाऊँची तळी दाखवायला न्यायचं ठरतंय. आबा ७६, आई ७१, काका ७३, मावशी ६८. सोबत मी आणि माझे यजमान. आईच्या उजव्या गुडघ्याची वाटी गेल्या वर्षी बदलली. चालते चांगली, पण जिना उतरताना कठडा लागतो. मावशीला साखर आहे, गोळ्यांवर आहे. आबांना ब्लडप्रेशर, आणि डाव्या कानानं कमी ऐकू येतं. काका ठणठणीत.

हे सगळं निघालं आईच्या एका वाक्यावरून. तिचं आयुष्य यावलकडच्या केळीच्या मळ्यात गेलं. पाणी बघितलं ते विहिरीचं, पाटाचं, नाहीतर हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावरचं. मागच्या मे महिन्यात कूलरसमोर बसून ती म्हणाली, "थंड हवेत पाण्याच्या काठाशी नुसतं बसायचंय गं मला. देवळं नकोत, पायऱ्या नकोत." आजवर तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे हे व्हायलाच हवं.

दोन वर्षांपूर्वी आई-आबांना खास ज्येष्ठांची म्हणून जाहिरात केलेल्या एका सहलीला पाठवलं होतं. आठ रात्रींत सात हॉटेलं. पहाटे साडेचारला दारावर थाप, सहाला बॅगा बाहेर. आई परत आली ती पाय सुजवून, आणि काय पाहिलं ते तिला नीट सांगताही येईना. तसं परत नको म्हणून या वेळी आम्हीच आखतोय.

माझा कच्चा आराखडा असा: काठगोदामला उतरून नैनिताल २ रात्री, मुक्तेश्वर १, अल्मोडा १, कौसानी २, राणीखेत १, परत. गाडीचं तिकीट, थंडी, हॉटेल, औषधं, ज्याला जे माहीत असेल ते सांगा. चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

---

केळीबाग (रावेर)

ताई, स्पष्टच सांगतो. तुम्ही सात रात्रींत पाच मुक्काम घेतलेत. ज्या सहलीवर नाराज आहात तीच थोडी सैल करून पुन्हा मांडली आहे. बॅग भरणं, उतरवणं, नवी खोली, नवं संडास-बाथरूम, रात्री दिव्याचं बटण कुठं ते शोधणं, यात म्हातारं माणूस जितकं थकतं तितकं चालण्यानं थकत नाही. एकच ठिकाण धरा आणि तिथून रोज थोडं थोडं फिरा.

ते ठिकाण नैनिताल नको, भीमताल धरा. नैनिताल २,०८४ मीटरवर आहे, भीमताल १,३७० च्या आसपास. रात्रीच्या थंडीत चांगलाच फरक पडतो. भीमतालचा काठ मोकळा आहे, गर्दी कमी, आणि तळ्याला लागून रस्ता जवळपास सपाट आहे. तिथून नौकुचियाताल चार-पाच किलोमीटर, सातताल दहा-बारा, नैनिताल बावीस-तेवीस. काठगोदामहून भीमतालला तासाभरात पोचता. नैनितालला दिवसा जाऊन या आणि झोपायला भीमतालला परत या.

दुसरी गोष्ट तारखेची. २०२१ साली आम्ही दोघं नेमके १८-१९ ऑक्टोबरला तिथं होतो. पावसाळा संपला म्हणून निर्धास्त गेलो होतो. मुक्तेश्वरला त्या एका दिवसात ३४० मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या जळगावला अख्ख्या वर्षात पडतो त्याच्या निम्मा. नैनितालचं तळं भरून पाणी मॉल रोडवर आलं, दरडी कोसळल्या, कुमाऊँत बरीच माणसं गेली. आम्ही भीमतालला दोन दिवस अडकलो. खोली कोरडी होती, बाई गरम भात-डाळ करून घालत होती, म्हणून निभावलं. असं दरवर्षी होत नाही, पण ज्येष्ठ सोबत असताना ऑक्टोबरचे शेवटचे दिवस धरा, आणि परतीच्या गाडीआधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. त्या दिवसात काहीही भरू नका.

दिवाळीची सुट्टी मात्र टाळा. कोजागिरी ते दिवाळी यांच्या मधले दिवस, त्यातही सोमवार ते शुक्रवार. आमची कापूस वेचणी तेव्हाच ऐन भरात असते, म्हणून शेतकऱ्याला ते दिवस सापडत नाहीत. तुम्हाला जमत असेल तर सोडू नका. पावसानं हवा धुतलेली असते, तळी भरलेली असतात, आणि सकाळी नऊ-दहापर्यंत हिमशिखरं स्वच्छ दिसतात. नंतर ढग चढतात.

---

निवृत्त_गार्ड (भुसावळ)

गाडीचं मी सांगतो, आयुष्य त्यातच गेलं.

भुसावळहून दिल्ली साधारण १,१०० किलोमीटर. गाड्या भरपूर आहेत, पण दिल्लीत कोणत्या स्टेशनात उतरता ते पाहा. गोवा एक्स्प्रेस निजामुद्दीनला जाते, कर्नाटक एक्स्प्रेस नवी दिल्लीला. काठगोदाम शताब्दी नवी दिल्लीहूनच सकाळी लवकर सुटते. म्हणजे नवी दिल्लीला उतरायचं, स्टेशनजवळ एक रात्र झोपायचं, सकाळी शताब्दीत बसायचं, दुपारच्या जेवणाला काठगोदाम. राणीखेत एक्स्प्रेस रात्रीची आहे, जुन्या दिल्लीहून सुटते आणि पहाटे अंधारात पोचवते. एक रात्र वाचते खरी, पण सलग दोन रात्री गाडीत काढून थंडीत फलाटावर उतरायला लावू नका.

तिकिटं ६० दिवस आधी उघडतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे; १२० दिवसांची जुनी सवय विसरा. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे: पुरुष ६० च्या पुढं, महिला ४५ च्या पुढं. यात एक बारकावा आहे आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच हा कोटा लागू होतो. तुम्ही सहाजणांचं एकच तिकीट काढलंत तर कोटा गेला. म्हणून आई-आबांचं एक, काका-मावशीचं एक, तुम्हा दोघांचं तिसरं, अशी तीन तिकिटं काढा. डबा एकच मिळेल अशी खटपट करा, नाही मिळाला तर टीसीला विनंती करा.

टू एसीच घ्या. थ्री एसीत मधला बर्थ उघडला की खालच्याला ताठ बसता येत नाही, आणि गुडघ्याची वाटी बदललेल्या माणसाला पाय लांब-आखूड करायला जागा लागते.

काठगोदाम म्हणजे रुळांचा शेवट. १८८४ साली रेल्वे तिथवर गेली आणि पुढं डोंगर. उतरल्यावर समोर हिरवी भिंत उभी असते. आबांना इंजिनाच्या पुढं नेऊन ती जागा दाखवा.

---

नंदुरबारी

एक वेगळा विचार. इतक्या लांब जायचंच कशाला? आपल्याकडून नवजीवन एक्स्प्रेसनं अहमदाबाद, तिथं असारवा स्टेशनाहून उदयपूरची गाडी. २०२२ मध्ये तो मार्ग ब्रॉडगेज झाल्यापासून सोपं झालंय. पिछोला, फतेहसागर, राजसमंद, जयसमंद, तळ्यांचाच मुलूख. राजसमंद तळ्याच्या नौचौकी या बांधावर पंचवीस शिळांवर कोरलेली संस्कृत राजप्रशस्ती आहे. माझे वडील ती तासभर बोट फिरवत वाचत बसले होते. घाट नाही, थंडीही बाधत नाही.

---

तापीकाठ

नंदुरबारीदादा, तुमच्या वडिलांचं ते चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं. उदयपूरचा विचार आम्ही केला होता. पण ऑक्टोबरात तिथं दुपारी ऊन आहेच, आणि राजवाड्यात जिने फार. आईला गारवा हवाय. ते पुढच्या वर्षासाठी नोंदवून ठेवते.

केळीबागदादा, आराखड्याचं पटलं. संध्याकाळी आईला वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं, "मग बॅग एकदाच उघडायची?" उत्तर त्यातच आलं. भीमताल नक्की.

आता अडलंय ते कौसानीपाशी. ते आबांसाठी घेतलं होतं. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. आमचे आजोबा तेव्हा बारा वर्षांचे. वडिलांच्या बैलगाडीतून गेले होते. गांधीजींना लांबून पाहिल्याची गोष्ट ते मरेपर्यंत सांगत. आबा ती ऐकत वाढले. कौसानीला १९२९ साली गांधीजी काही दिवस राहिले आणि अनासक्तियोगाची, म्हणजे त्यांच्या गीतेच्या अनुवादाची, प्रस्तावना तिथं लिहिली. तो बंगला आता अनासक्ति आश्रम आहे. आबांनी तोंडानं कधी मागितलं नाही. पण नकाशा पसरला तेव्हा त्यांचं बोट तिथं जाऊन थांबलं. भीमतालहून अंतर शंभराच्या वर, सगळा घाट. जावं की सोडावं?

---

फिजिओ (धुळे)

कौसानीचं नंतर बघू. आधी हॉटेल ठरवताना फोनवर काय विचारायचं ते लिहून घ्या, कारण तिथंच माणसं फसतात.

डोंगरात "तळमजला" हा शब्द फसवा आहे. इमारत उतारावर असते. रस्त्याच्या पातळीवर स्वागतकक्ष आणि खोल्या त्याच्या खाली दोन-तीन मजले, असं सर्रास आढळतं. म्हणून "खोली तळमजल्यावर आहे का" असं विचारूच नका. "गाडी थांबते तिथून पलंगापर्यंत किती पायऱ्या, वर की खाली, आणि कठडा आहे का" असं विचारा, आणि त्या वाटेचा मोबाईलवर व्हिडिओ मागवा. जो मालक व्हिडिओ पाठवतो त्याच्याकडे उतरा. संडास उंच बैठकीचा हवा. आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल आणि खाली रबरी चटई. चटई घरून न्या, गुंडाळून मावते. रात्री संडासात लावायला छोटा दिवाही न्या.

आईंना उतरताना त्रास होतो, चढताना नाही. तळ्यांच्या गावात ही महत्त्वाची गोष्ट आहे. पाणी नेहमी खाली असतं, म्हणजे आधी उतरायचं आणि दमल्यावर चढायचं. साततालला वाहनतळापासून काठ जवळ आहे. होडीत चढताना धक्क्याच्या कडेवर बसून पाय आत घ्यायचे आणि मग सरकायचं, उभ्यानं पाऊल टाकायचं नाही. नावाडी दोन्ही हात देतो. लाइफ जॅकेट सगळ्यांना.

सहाजणांना सामानासह इनोव्हा अडचणीची होते. टेम्पो ट्रॅव्हलर घेतलीत तर तिची पहिली पायरी उंच असते. ड्रायव्हरला लाकडी पाट किंवा छोटं स्टूल ठेवायला सांगा. दर दीड तासानं थांबून पाच मिनिटं पाय मोकळे करा. गाडी लागत असेल तर गोळी घाटाच्या आधी घ्यायची, घाटात नाही. ती ब्लडप्रेशरच्या औषधांशी जुळते का ते आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. मावशींनी उलटीच्या भीतीनं उपाशी राहू नये, साखर उतरेल. सगळ्यांची औषधं दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, दोन्हींत पूर्ण दिवसांची. डॉक्टरांची चिठ्ठीही दोन प्रतींत.

७० वर्षांवरच्या तिघांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (ज्येष्ठांच्या मोफत उपचारांचं सरकारी कार्ड) काढलं नसेल तर जाण्याआधी काढा. भीमतालहून मोठा दवाखाना म्हणजे खाली हल्द्वानी. सुशीला तिवारी हे मोठं सरकारी रुग्णालय तिथं आहे. हॉटेलवाल्याला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा की रात्री गाडी कोण काढतो.

---

पद्मालय (एरंडोल)

ताई, तुमना धागा वाचीसन भलता आनंद वाटना. मनी मायले बी डोंगर दखाडाना शे. पुढलं मराठीत लिहितो, सगळ्यांना कळेल.

मी मागच्या वर्षी वडिलांसोबत गेलो होतो. भीमतालला काठावर भीमेश्वर महादेवाचं मंदिर आहे. तळं भीमानं निर्माण केलं अशी तिथली कथा. वडील लगेच पुजाऱ्याला म्हणाले, "आमच्या एरंडोलची जुनी ओळख एकचक्रानगरी; भीमानं बकासुराला मारलं ते आमच्याकडं." मग दोघं पाऊण तास बोलत बसले. हिंदी वडिलांना जेमतेम येते, तरी काही अडलं नाही. आमच्या पद्मालयाच्या तळ्यात कमळं आहेत, भीमकुंड जवळच आहे. आणि नौकुचियातालच्या रस्त्याला लागून एक कमळांचं तळं लागलं तेव्हा वडिलांनी गाडी थांबवायला लावली. साततालच्या सात तळ्यांत राम, लक्ष्मण, सीता आहेत आणि एक नल-दमयंती ताल आहे. दमयंती आपल्या शेजारच्या विदर्भाची लेक. हे आईला आधी सांगा. तळ्याचं नाव ओळखीचं निघालं की बसण्यात वेगळीच मजा येते.

खायचं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा घरून न्या, दिल्लीपर्यंतचा प्रश्न मिटतो. तिथं गहतची डाळ मागा, ती म्हणजे आपले हुलगे. मडुव्याची रोटी म्हणजे नागलीची भाकर, सातपुड्यात खातात तीच. मावशींच्या साखरेलाही ती पुऱ्या-पराठ्यांपेक्षा बरी. भीमतालच्या एका घरगुती खानावळीत आम्ही आधी सांगून ठेवलं तर बाईंनी कमी तेलात करून दिलं.

आणि एक लक्षात ठेवा. ऑक्टोबर संपता संपता तिथं साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, आणि डोंगराआड त्याच्याही आधी जातो. चारनंतर स्वेटर, पाचला खोलीत. सकाळचं ऊन हेच त्या दिवसांचं सोनं.

---

शहादेकर

सगळं वाचलं. माझी सूचना: जाण्याआधी एकदा तोरणमाळला जाऊन या. शहाद्याहून म्हसावद-राणीपूर मार्गे घाट चढला की वर यशवंत तलाव आहे. उंची साधारण १,१५० मीटर, म्हणजे भीमतालहून थोडी कमी. घाटात कोणाला मळमळतं, आईला गाडीतून उतरताना किती वेळ लागतो, परक्या खोलीत रात्री कोण किती वेळा उठतं, सगळं एका मुक्कामात कळेल. आणि पावसाळा सरताना तोरणमाळ असं हिरवंगार असतं की ती तयारी न वाटता सहलच वाटेल.

आम्ही सासूबाईंना केरळला नेण्याआधी हेच केलं. त्यांना मागच्या सीटवर अजिबात सोसत नाही हे तोरणमाळच्या घाटात कळलं. नाहीतर मुन्नारच्या वाटेवर कळलं असतं.

---

केळीबाग (रावेर)

कौसानीबद्दल. मी वर एकच ठिकाण धरा म्हणालो, तरी हे मी सोडणार नाही. आईंची इच्छा तळ्याकाठी बसण्याची, आबांची ती. दोघांचं होऊ द्या. फक्त एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. भीमतालला चार रात्री झाल्या की कौसानीला दोन. जाताना अल्मोड्याला जेवायला थांबा, पानाच्या द्रोणात गुंडाळलेली सिंगोडी ही खव्याची मिठाई खा, निवांत निघा. खैरन्याच्या पुढं अल्मोड्याच्या रस्त्यावर दरड आली असेल तर राणीखेतवरून कौसानीच्या अलीकडचं सोमेश्वर गाठता येतं, म्हणून रोज सकाळी ड्रायव्हरला विचारायचं. वाटेतल्या कैंचीधाम या आश्रमापाशी गाड्यांची रांग लागते. तिथून सकाळी आठच्या आत पार व्हा.

आश्रमाच्या अंगणातून समोर त्रिशूल आणि नंदादेवी दिसतात. नंदादेवी ७,८१६ मीटर. सूर्य उगवायच्या आधी खुर्ची बाहेर टाकायची, शाल गुंडाळायची. चालायचं काहीच नाही.

---

फिजिओ (धुळे)

माझं मत थोडं वेगळं. चार रात्रींनंतर आईंचा गुडघा सुजलेला असेल तर सगळ्यांनी जाऊ नये. आई-मावशी भीमतालला थांबाव्यात, तुम्ही सोबत राहा, आणि आबा-काकांना जावईबापूंनी कौसानीला न्यावं. सहाजणांनी सतत एकत्रच असलं पाहिजे असं नाही. हे आत्ताच सगळ्यांसमोर बोलून ठेवा, म्हणजे त्या दिवशी आईंना आपल्यामुळे अडलं असं वाटणार नाही.

---

तापीकाठ

मंडळी, तोरणमाळ करून आलो. शनिवार-रविवार.

घाटात मावशीला मळमळलं, पुढच्या सीटवर बसवल्यावर थांबलं. आई चढ-उतार नीट करते, पण कठडा डाव्या हाताला हवा. उजव्या हाताला असला तर अडखळते. हे घरात कधी लक्षात आलं नव्हतं. आबांना गाडीत मागे बसल्यावर काही ऐकू येत नाही आणि ते गप्प होतात. उजवा कान सगळ्यांकडे येईल अशी डावीकडची खिडकी दिली की पुन्हा बोलते झाले. काका भराभर पुढं जातात म्हणून त्यांच्याकडेच आईचं स्टूल दिलं. आता ते आईच्या बरोबरीनं चालतात.

रविवारी सकाळी यशवंत तलावाच्या काठी सतरंजी टाकली. आई दीड तास बसली. पाण्यावर धुकं होतं ते हळूहळू गेलं. ती काही बोलली नाही, मीही काही विचारलं नाही.

फिजिओताईंचं बोलणं मी सर्वांसमोर काढलं. आई म्हणाली, "गुडघा बरा असेल तर येईन, नाहीतर तळ्याशी बसेन, मला दोन्ही चालेल." आबांनी मान हलवली, आणि रात्री कपाटातून आजोबांचा सुताचा हार काढून पिशवीत ठेवला.

शेवटचं ठरलं ते असं: दिल्लीला जाताना एक रात्र, भीमताल चार, कौसानी दोन, परतताना भीमतालच्याच हॉटेलात दोन, त्यातला एक दिवस पूर्ण मोकळा. तिथली तीच खोली परतीसाठीही राखून ठेवायला मालक तयार आहेत. त्यांनी वाटेचा व्हिडिओ पाठवला: गाडीपासून पलंगापर्यंत चार पायऱ्या, खाली. कठडा उजवीकडे होता. फोन केला तर म्हणाले, डाव्या बाजूला पाइप बसवून देतो, तुम्ही येईपर्यंत होईल.

तिकिटं परवा सकाळी आठला उघडतात. गार्डकाका, तीन तिकिटं, दोन-दोनची. तुम्ही म्हणालात तशीच.

---

निवृत्त_गार्ड (भुसावळ)

पावणेआठला लॉगिन करून बसा. नावं, वयं आधीच मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा, म्हणजे वेळ जाणार नाही. आणि गाडी निघेल त्या दिवशी फलाट नंबर इथं टाका. मी घरी असतो. येतो सामान चढवायला.